अभिजित उगवला, उगवली की उगवले? ताऱ्यांची जुनी नावं आणि त्यांचं लिंग

सायंतारा
आकाशाची ओळख करून देणारी एक ध्वनिमालिका लिहिते आहे. दर भागात एक तारा, आठ-दहा मिनिटांचं निवेदन. तिसऱ्या भागात अडकले. मी लिहिलं होतं, ‘अंधार पडता पडता ईशान्येला अभिजित उगवला.’ संहिता तपासणाऱ्या मैत्रिणीने ‘उगवले’ केलं. नक्षत्र नपुंसकलिंगी, म्हणून अभिजितही नपुंसकलिंगी, असं तिचं म्हणणं. चुकीचं वाटलं नाही. पण मग पुढच्याच परिच्छेदात ‘चित्रा मावळली’ आहे, तिथे तिने हात लावला नव्हता. चित्राही नक्षत्रच. ‘चित्रा मावळले’ कुणी म्हणेल का?

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. मराठीत आकाशातल्या एकाच ठिपक्याला तीन लिंगं आहेत: तो तारा, ती तारका किंवा चांदणी, ते नक्षत्र. शुक्र तर ग्रह असूनही दोन्हीकडे आहे. ‘शुक्र मावळला’ आणि ‘शुक्राची चांदणी मावळली’ ही दोन्ही वाक्यं आपण अडखळल्याशिवाय म्हणतो.

‘तारा’ हा शब्द तर मला फारच आवडायला लागलाय. संस्कृतात ‘तारा’ स्त्रीलिंगी. मराठीत पुल्लिंगी: तो तारा, ते तारे, ताऱ्याला. पण बाईचं नाव तारा असेल तर ‘ताराला’, तिथे ‘ताऱ्याला’ कधीच होत नाही. म्हणजे एकाच उच्चाराचे दोन शब्द भाषेने वेगवेगळ्या खणांत ठेवलेत आणि सामान्यरूपावरून ते ओळखू येतात. माझा अंदाज असा की घोडा, वारा, दोरा अशा आ-कारान्त पुल्लिंगी शब्दांच्या गर्दीत सापडून ‘तारा’ पुल्लिंगी झाला.

जाणकारांनी सांगावं. नियम हवा आहेच, पण त्याहून जास्त मला ही नावं आली कुठून आणि त्यांना ही लिंगं का मिळाली, हे समजून घ्यायचं आहे.

पदच्छेद
चांगला विषय. आधी ‘तारा’बद्दल, कारण तुमच्या अंदाजापेक्षा सरळ वाट उपलब्ध आहे. मराठीतले बरेच आ-कारान्त पुल्लिंगी शब्द संस्कृतातल्या ‘-अक’ शेवटाच्या शब्दांवरून आले आहेत. घोटक, मग घोडअ, मग घोडा. तसंच ‘तारक’वरून तारअ आणि तारा. म्हणजे मराठी ‘तारा’ हा संस्कृत ‘तारा’चा लिंग बदललेला वंशज नसून ‘तारक’चा नेहमीच्या वाटेने आलेला वंशज असावा. बाईचं नाव मात्र थेट संस्कृतातून जसंच्या तसं उचललेलं, म्हणून त्याचं सामान्यरूप होत नाही. मला ही उपपत्ती अधिक पटते, कारण यात लिंग बदलल्याचं काही कारण शोधावंच लागत नाही.

आता जुन्या कोशाकडे. अमरकोशात ताऱ्याचे शब्द एका ओळीत आहेत: ‘नक्षत्रमृक्षं भं तारा तारकाप्युडु वा स्त्रियाम्’. सहा शब्द. नक्षत्र, ऋक्ष, भ हे नपुंसक, तारा आणि तारका स्त्रीलिंगी, आणि ‘उडु’ विकल्पाने स्त्रीलिंगी. पुल्लिंगी एकही नाही. त्याच्या पुढच्याच चरणात ‘दाक्षायण्योऽश्विनीत्यादितारा’ म्हटलंय, म्हणजे अश्विनीपासूनच्या तारा या दक्षाच्या मुली.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार प्रिय आहे. पाणिनीच्या 6.3.75 या सूत्रात काही शब्दांची यादी आहे. त्यांच्यातला ‘न’ हा नकाराचा मानला, तरी त्याचा ‘अ’ होत नाही, तो तसाच राहतो. त्या यादीत नकुल आहे, नख आहे, नाक म्हणजे स्वर्ग आहे, आणि ‘नपुंसक’ व ‘नक्षत्र’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. निरुक्तकार यास्काने ‘नक्षत्र’ची फोड दोन प्रकारे दिली: ‘नक्ष्’ या गतिवाचक धातूवरून, आणि ब्राह्मणग्रंथाचा दाखला देऊन ‘न क्षत्र’ अशी.

उत्तररात्र
वाचतेय. वाचनखूण साठवली.

मृगपट्टा
बोलीतली एक नोंद. पंचांगात ‘मृगशीर्ष’ नपुंसक आहे, शीर्ष म्हणजे डोकं, म्हणून. पण बोलताना आपण ‘मृग लागला’ म्हणतो, ‘लागले’ नाही. डोकं गळलं आणि हरीण उरलं, तसं लिंगही बदललं. पुनर्वसू आणि पुष्य यांच्या पावसाला तरणा आणि म्हातारा म्हणतात. तिथे विशेषण पावसाचं आहे हे खरं, तरी नक्षत्रही पुल्लिंगी असल्याने ते कानाला चपखल बसतं.

सायंतारा
@पदच्छेद, ‘तारक’ची वाट पटली. माझा अंदाज मागे घेते. पण मग एक प्रश्न उरतोच. नक्षत्रांच्या नावांत इतकी स्त्रीलिंगी का? अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, आर्द्रा, आश्लेषा, मघा, दोन्ही फाल्गुनी, चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, दोन्ही आषाढा, धनिष्ठा, शततारका, दोन्ही भाद्रपदा, रेवती. मोजल्या तर 21 भरतात! उरलेली मृग, पुनर्वसू, पुष्य, हस्त, मूळ, श्रवण, आणि अठ्ठावीस धरली तर अभिजित. हे सगळं दक्षाच्या मुली आणि चंद्राच्या बायका या कथेमुळे झालं का?

अंशकला
मला वाटतं, घोडं आणि गाडी यांची अदलाबदल होते आहे. कथा असल्याने नावं स्त्रीलिंगी झाली असं म्हणायला, ती सगळीच स्त्रीलिंगी असायला हवी होती. हस्त आणि पुष्य चंद्राच्या बायका कशा झाल्या? उलट बहुतेक नावं स्त्रीलिंगी होती, चंद्र पुल्लिंगी होता आणि रोज एकीच्या घरी मुक्काम करत होता, त्यातून कथा सुचली असणार. तैत्तिरीय संहितेत प्रजापतीच्या 33 मुली सोमाला दिल्याची गोष्ट आहे. सोम एकट्या रोहिणीकडेच राहू लागला आणि मग त्याला क्षय जडला. त्या गोष्टीत आकडा 33 आहे, 27 नाही. म्हणजे तेव्हा कथा आणि यादी एकमेकींत पूर्ण बसलेल्याही नव्हत्या.

व्याकरणातलं लिंग आणि बाई-पुरुष हे दोन वेगळे हिशेब आहेत. भिंत स्त्रीलिंगी आहे म्हणून आपण तिची गोष्ट रचत नाही.

पदच्छेद
@अंशकला, बरोबर, आणि याला पुरावा खुद्द नावांतच आहे. नावं दोन ढिगांत वाटून बघा.

पहिला ढीग, जी मुळात नामं आहेत: हस्त म्हणजे हात, मूल म्हणजे मूळ, मृगशीर्ष म्हणजे हरणाचं डोकं. या शब्दांना आपापलं लिंग आधीच होतं, आकाशात गेल्यावरही ते तेच राहिलं. हात पुल्लिंगी, म्हणून हस्त पुल्लिंगी. मूल आणि शीर्ष नपुंसक, म्हणून ती दोन्ही नपुंसक.

दुसरा ढीग, जी मुळात विशेषणं आहेत: रोहिणी म्हणजे तांबूस, आर्द्रा म्हणजे ओली, चित्रा म्हणजे झळझळीत, ज्येष्ठा म्हणजे थोरली, धनिष्ठा म्हणजे अतिशय धनवती, रेवती म्हणजे संपन्न. विशेषणाला स्वतःचं लिंग नसतं, ते ज्या नामाला लागतं त्याचं घेतं. ही सगळी स्त्रीलिंगी आहेत, याचा अर्थ नाव ठेवणाऱ्याच्या मनातलं न बोललेलं नाम स्त्रीलिंगी होतं. ते ‘तारा’ असेल किंवा ‘तारका’ असेल. ‘नक्षत्र’ मात्र नसणार, नाहीतर ‘चित्रम्’ आणि ‘ज्येष्ठम्’ अशी नावं मिळाली असती.

तेव्हा लिंगाचा उगम कथेपेक्षा असा साधा आहे.

जाता जाता: तैत्तिरीय संहितेच्या यादीत रोहिणी दोनदा येते! एक आपली नेहमीची, आणि दुसरी ज्येष्ठेच्या जागी, इंद्र देवता असलेली. दोन्ही तारे लालसर आहेत आणि आकाशात जवळजवळ समोरासमोर आहेत, एक उगवताना दुसरा मावळतीला असतो. ‘तांबूस’ हे विशेषण दोघांनाही लागू पडलं. पुढे दुसरीचं ‘ज्येष्ठा’ पक्कं झालं आणि घोटाळा मिटला.

नभोवाचक
लिंगाबरोबर वचनाकडेही बघा, तो तर खजिना आहे. मराठीने द्विवचन गमावलं, म्हणून आपल्याला आता ते दिसत नाही. वेदांत कृत्तिकाः, मघाः, अषाढाः, श्रविष्ठाः (म्हणजे धनिष्ठा) ही बहुवचनं आहेत, कारण तिथे ताऱ्यांचा पुंजका किंवा आकृती आहे. पुनर्वसू हे पुल्लिंगी द्विवचन, विशाखे हे स्त्रीलिंगी द्विवचन, कारण तिथे दोन तारे. आर्द्रा आणि चित्रा एकवचन, एकच ठळक तारा. नावाच्या प्रत्ययात ताऱ्यांची मोजदाद साठवून ठेवली आहे. 

पाणिनीने यावर सलग चार सूत्रं दिली आहेत, 1.2.60 ते 1.2.63. फल्गुनी आणि प्रोष्ठपदा (म्हणजे भाद्रपदा) दोन-दोन असूनही त्यांचं बहुवचन चालतं. वेदात पुनर्वसू आणि विशाखे यांचं एकवचनही चालतं. आणि तिष्य (म्हणजे पुष्य) व पुनर्वसू यांचा समास केला की तीन होतात, तरी द्विवचनच करायचं, ‘तिष्यपुनर्वसू’. इतकं बारीक लक्ष कुणी देतं तेव्हा लोक ही नावं रोज बोलत होते, असं समजायला हरकत नाही.

काही नक्षत्रांनी तर नावच बदललं आणि त्याबरोबर लिंगही. मूळ नक्षत्राच्या जागी अथर्ववेदात ‘विचृतौ नाम तारके’ आहेत, म्हणजे बंध सोडवणाऱ्या दोन तारका, स्त्रीलिंगी द्विवचन. त्या दोघींच्या जागी पुढे एक नपुंसक ‘मूल’ आलं. ‘श्रोणा’ स्त्रीलिंगी होती, तिचा ‘श्रवण’ झाला. ‘शतभिषक्’ म्हणजे शंभर वैद्य, पुल्लिंगी. आपण त्याला शततारका म्हणतो. ‘प्रोष्ठपद’ पुल्लिंगी होते, अमरकोशाला ‘प्रोष्ठपदा भाद्रपदाः स्त्रियः’ असं मुद्दाम सांगावं लागलं. अश्विनीकुमार हे दोन देव पुल्लिंगी, त्यांचं नक्षत्र मात्र अश्विनी.

सायंतारा
@नभोवाचक, विचृतौ मला माहीतच नव्हत्या. विंचवाच्या नांगीतले ते दोन जवळजवळचे तारे ना? दर उन्हाळ्यात बघते. आता कायम त्या दोघी म्हणूनच दिसतील.

नभोवाचक
हो, तेच.

किताबी
मी काही वर्षं अरबी शिकते आहे, त्या बाजूने भर घालते. आज जगभर चालणारी ताऱ्यांची बरीच नावं अरबीतून लॅटिनमध्ये गेलेली आहेत, आणि अरबीत दोनच लिंगं आहेत, नपुंसक नाही.

आपण ज्याला मृग म्हणतो आणि ग्रीक ज्याला ओरायन नावाचा शिकारी पुरुष म्हणतात, तिथे जुन्या अरबांनी ‘अल्-जौझा’ पाहिली. हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ती आकृतीही स्त्रीची. तिथल्या बीटलग्यूज या ताऱ्याचं नाव म्हणजे ‘यद अल्-जौझा’, जौझेचा हात. अरबी लिपीत ‘य’ला खाली दोन टिंबं आणि ‘ब’ला एक. नकलताना एक टिंब गळलं, ‘यद’चं ‘बद’ झालं आणि त्यातून आजचं नाव आलं. तिथलाच दुसरा तारा रायजेल म्हणजे ‘रिज्ल’, तिचं पाऊल. अरबीत हात, पाय, डोळा, कान हे जोडीने असणारे अवयव स्त्रीलिंगीच असतात, त्यामुळे बाईचे असोत की पुरुषाचे, हात आणि पाऊल स्त्रीलिंगीच राहिले असते. पण जौझा स्वतः स्त्रीलिंगी आहे, हे महत्त्वाचं. पुढे ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरं झाली आणि शिकारी पुरुषाच्या खांद्याला आणि पायाला त्या स्त्रीच्या अवयवांची नावं चिकटली. तीच नावं आपण आज म्हणतो.

व्याध आपल्याकडे पुल्लिंगी, शिकारीच. ग्रीक ‘सेइरिओस’ही पुल्लिंगी, होरपळवणारा. पण अरबीत तो ‘अश्-शिअ्‌रा’, स्त्रीलिंगी. आणि अशा दोन शिअ्‌रा आहेत, दोघी बहिणी, त्यांचा भाऊ सुहैल, म्हणजे आपला अगस्त्य. सुहैल दक्षिणेकडे निघून गेला. एक बहीण आकाशगंगा ओलांडून त्याच्या मागे गेली, म्हणून ती ‘अबूर’, पार गेलेली. दुसरी अलीकडेच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे चिपडले, म्हणून ती ‘गुमैसा’. पहिली म्हणजे व्याध, दुसरी म्हणजे प्रोसिऑन, आणि खरंच दोघींच्या मधून आकाशगंगा जाते. गुमैसा हे नाव आज प्रोसिऑनच्या शेजारच्या फिकट ताऱ्याला आहे. प्राचीन इजिप्तमध्येही व्याधाचा तारा ‘सोपदेत’ नावाची देवी होता. म्हणजे आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा दोन परंपरांत पुरुष आणि दोन परंपरांत स्त्री आहे.

उत्तररात्र
दोघी बहिणींची गोष्ट वाचून गलबलून आलं. आज रात्री बघणार.

ऋजुरेषा
ताऱ्यांच्या लिंगाचा विषय निघाला आणि अस्वल आलं नाही असं कसं होईल?

ऋग्वेदात (1.24.10) एक प्रश्न आहे: ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा नक्तं ददृश्रे कुह चिद्दिवेयुः’. हे जे ऋक्ष उंचावर ठेवलेले रात्री दिसतात, ते दिवसा कुठे जातात? ऋक्ष म्हणजे अस्वल, पुल्लिंगी. शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. तिथेच असंही आहे की कृत्तिका या त्यांच्या बायका, पण त्यांची ताटातूट झाली आहे, कारण ते उत्तरेला उगवतात आणि या पूर्वेला.

ग्रीक ‘आर्क्तोस’ हा शब्द ‘ऋक्ष’चा सख्खा भाऊ आहे, दोन्ही एकाच मूळ शब्दाचे. पण आकाशातली आर्क्तोस स्त्रीलिंगी. होमरच्या इलियडमध्ये ती ‘एकटीच’ समुद्रात न्हायला उतरत नाही, म्हणजे ती कधी मावळत नाही. तिथलं ‘एकटी’ हे विशेषण स्त्रीलिंगी आहे. पुढे अस्वल बनलेल्या कॅलिस्टो या स्त्रीची कथा तिला जोडली गेली. लॅटिनमध्ये ती ‘उर्सा’, मादी अस्वल. मग ग्रीक ज्योतिष अरबीत गेलं आणि तिथे झालं ‘अद्-दुब्ब अल्-अक्बर’, थोरलं अस्वल, पुल्लिंगी! त्याच्या पाठीवरच्या ताऱ्याला आपण क्रतू म्हणतो, त्याचं ‘दुभे’ हे नाव त्या ‘दुब्ब’वरूनच आलं. एक अस्वल पूर्वेकडे पुल्लिंगी राहिलं आणि ऋषी झालं, पश्चिमेकडे मादी झालं, आणि अरबीत जाऊन पुन्हा नर झालं. तारे तेच सात.

अमरकोशाच्या वरच्या ओळीत ‘ऋक्ष’ नपुंसक आहे हेही बघा. अस्वल पुल्लिंगी आणि तारा या अर्थी तोच शब्द नपुंसक. म्हणजे संस्कृतात शिल्लक राहिलेल्या शब्दानेही अर्थाप्रमाणे लिंग वाटून घेतलं.

अंशकला
ताऱ्यांच्या लॅटिन नावांचं उदाहरण @पदच्छेद यांच्या दोन ढिगांना पुष्टी देईल. रेग्युलस म्हणजे छोटा राजा, नाम, पुल्लिंगी. स्पायका म्हणजे धान्याचं कणीस, नाम, स्त्रीलिंगी. कपेला म्हणजे छोटी शेळी, तीही स्त्रीलिंगी. आपल्याकडे त्याच ताऱ्याला ब्रह्महृदय, नपुंसक, कारण हृदय नपुंसक. सगळी नामं, आपापल्या लिंगावर ठाम. पण ‘पोलारिस’ हे विशेषण आहे, ‘ध्रुवाशी असलेली’. त्याच्या मागे ‘स्टेला’ म्हणजे तारा हा स्त्रीलिंगी शब्द गृहीत आहे. कन्या राशीत द्राक्षांच्या तोडणीवरून नाव पडलेला एक तारा आहे. ग्रीकमध्ये आणि जुन्या लॅटिनमध्ये तो तोडणारा पुरुष होता, ‘विन्देमिआतोर’. पुढे तो ‘विन्देमिआत्रिक्स’, तोडणारी बाई झाला, आणि तेच नाव आज अधिकृत आहे. ओरायनच्या खांद्यावरचं ‘बेलाट्रिक्स’ही तसंच, लढवय्यी.

जर्मनमध्ये तारा हा शब्द पुल्लिंगी, तरी अभिजितला ते ‘दी वेगा’ म्हणतात, स्त्रीलिंगी, आणि व्याधाला ‘देर सिरिउस’, पुल्लिंगी. नावाचा शेवट बघून ठरवतात. आपण ‘चित्रा मावळली’ म्हणतो ते याहून वेगळं नाही.

पदच्छेद
वेगाचा विषय निघालाच आहे, तर सायंताराताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कालपासून यावरच विचार करतो आहे.

‘अभिजित्’ म्हणजे जिंकणारा, जिंकणारी, जिंकणारं. माझ्या दोन ढिगांपैकी ते विशेषणाच्या जवळचं. पण रोहिणी-चित्रासारखा त्याला स्त्रीप्रत्यय लागत नाही. ‘-जित्’ने संपणाऱ्या या शब्दाचं प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांत एकच रूप होतं: अभिजित्, अभिजित्, अभिजित्. नावाकडे बघून लिंग कळायला मार्गच नाही. बाकीच्या नक्षत्रांच्या कपाळावर लिंग लिहिलेलं आहे, याच्या नाही. म्हणून हे एकच नक्षत्र आपल्याला तीन ठिकाणी तीन लिंगांत भेटतं.

वैदिक याद्यांत ते नक्षत्र म्हणून नपुंसक. आज ते मुलाचं नाव आहे, म्हणून मराठी कानाला पुल्लिंगी. आणि महाभारतात, वनपर्वातल्या स्कंदाच्या कथेत, इंद्र सांगतो:

अभिजित् स्पर्धमाना तु रोहिण्याः कन्यसी स्वसा ।
इच्छन्ती ज्येष्ठतां देवी तपस्तप्तुं वनं गता ॥

स्पर्धमाना, कन्यसी, स्वसा, इच्छन्ती, देवी, गता. अभिजित् या शब्दाभोवतीचा एकूण एक शब्द स्त्रीलिंगी आहे. अभिजित ही रोहिणीची धाकटी बहीण, थोरलेपण हवं म्हणून स्पर्धा करत तप करायला वनात गेली. आणि लगेच पुढच्या श्लोकात इंद्र म्हणतो, ‘नक्षत्रं गगनाच्च्युतम्’, नक्षत्र आकाशातून गळलं. इथे नपुंसक. दोन श्लोकांत दोन लिंगं, आणि दोन्ही बरोबर, कारण पहिल्या श्लोकात बहीण कर्ती आहे आणि दुसऱ्यात नक्षत्र.

किताबी
अंगावर काटा आला. व्हेगा हे नाव ‘अन्-नस्र अल्-वाकी’ यातल्या ‘वाकी’वरून आलं आहे, म्हणजे खाली झेपावणारं किंवा पडणारं गिधाड. आपला श्रवण, म्हणजे आल्टेअर, हे ‘अन्-नस्र अत्-ताइर’, उडणारं. अरबीत दोन्ही पुल्लिंगी. आणि चिनी परंपरेत व्हेगा ही विणकर मुलगी, आल्टेअर हा गुराखी, दोघांच्या मध्ये आकाशगंगा. चिनी भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही, तरी तिथे ती मुलगीच आहे.

अंशकला
‘गगनातून गळलं’ आणि ‘पडणारं गिधाड’ यांची सांगड मात्र घालू नये. अरबांच्या नावात पंख मिटून उतरणाऱ्या पक्ष्याचा आकार आहे: मुख्य तारा आणि त्याच्या बाजूचे दोन फिकट तारे. शेजारी श्रवणाचे तीन तारे ओळीत, पंख पसरलेले. त्यातून ती जोडी झाली. महाभारतातली गोष्ट यादीतून एक नक्षत्र कमी होण्याबद्दलची आहे. दोन्ही सुंदर आहेत, पण वेगळ्या आहेत.

किताबी
मान्य.

मृगपट्टा
माणसांच्या नावांबद्दल कुणी सांगेल का? आज रोहिणी, चित्रा, रेवती, स्वाती मुलींची नावं, श्रवण, अभिजित मुलांची. पूर्वीही असंच होतं का?

पदच्छेद
बरंचसं. पाणिनीच्या 4.3.34 मध्ये दहा नक्षत्रांची यादी आहे. त्या नक्षत्रावर जन्मलेल्याला नाव देताना लागणारा प्रत्यय गळतो, आणि त्याबरोबर नक्षत्राच्या नावातला स्त्रीप्रत्ययही जातो. विशाखेवर जन्मला तो विशाख, श्रविष्ठेवर जन्मला तो श्रविष्ठ, अनुराधेवर जन्मला तो अनुराध. यावर वार्तिककाराने पुरवणी जोडली की चित्रा, रेवती, रोहिणी यांवर मुलगी जन्मली तर तिलाही तसंच चित्रा, रेवती, रोहिणी म्हणावं. म्हणजे या तीन नावांच्या मुली तेव्हाही होत्या, आणि इतक्या होत्या की त्यांच्यासाठी वेगळी नोंद करावी लागली.

महिन्यांची गंमत याच्या शेजारचीच आहे. चित्रा स्त्रीलिंगी, तिच्याजवळ चंद्र पूर्ण होतो ती पौर्णिमा चैत्री, स्त्रीलिंगी, आणि तो महिना चैत्र, पुल्लिंगी, कारण मास पुल्लिंगी. विशाखा, वैशाखी, वैशाख. कृत्तिका, कार्तिकी, कार्तिक. इथेही विशेषण ज्याला लागलं त्याचं लिंग त्याने घेतलं. बाराही महिने याच न्यायाने पुल्लिंगी झाले.

ऋजुरेषा
परकी नावं मराठीत लिहिताना काय करायचं, तेवढं राहिलं. मी तरी ‘डेनेब मावळला’, ‘बीटलग्यूज उगवला’ असंच लिहितो, मनातल्या मनात ‘तारा’ धरून. ‘व्हेगा उगवली’ आणि ‘व्हेगा उगवला’ ही दोन्ही मात्र ऐकलेली आहेत. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ताऱ्यांच्या नावांसाठी 2016 मध्ये कार्यगट नेमला. त्यांच्या अधिकृत यादीत आता ‘भरणी’ आणि ‘रेवती’ ही नावंही आहेत. इंग्रजीत त्यांना लिंग उरत नाही, मराठीत परत आली की ती आपली जुनीच स्त्रीलिंगी.

नभोवाचक
‘योगतारा’चंही ठरवून टाका. नक्षत्रातला मुख्य तारा. संस्कृतात स्त्रीलिंगी, मराठीत मी ‘योगतारा’ पुल्लिंगी लिहितो, ‘चित्रेचा योगतारा’. कारण शेवटी मराठी ‘तारा’ ऐकू येतो. काही जण ‘चित्रेची योगतारा’ लिहितात. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतला असं धरलं तर तेही चूक म्हणता येणार नाही. एका लेखात एकच ठेवावं, एवढंच.

सायंतारा
सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला धागा वाचायला दिला. आम्ही दोघींनी बसून असं ठरवलं.

नुसतं नाव आलं तर क्रियापद नावाच्या लिंगाप्रमाणे: चित्रा मावळली, व्याध मावळला, ब्रह्महृदय मावळलं, कृत्तिका मावळल्या. सोबत तारा, तारका किंवा नक्षत्र हा शब्द आला तर त्याच्याप्रमाणे: चित्रा हा तारा, चित्रा ही तारका, चित्रा हे नक्षत्र. परक्या नावांना ‘तारा’ धरून पुल्लिंग, व्हेगालाही.

आणि अभिजितच्या भागाची सुरुवात बदलली. आता ती अशी आहे: ‘अंधार पडता पडता ईशान्येला अभिजित उगवला. अठ्ठावीस नक्षत्रं मोजली तर हे एक जास्तीचं नक्षत्र. पण महाभारत सांगतं की ती रोहिणीची धाकटी बहीण होती. तिला थोरलेपण हवं होतं, म्हणून ती आकाश सोडून तप करायला वनात गेली.’

मैत्रीण म्हणाली, ‘उगवला, हे आणि ती, तिन्ही राहू देत. निवेदकाला फक्त सांग, सावकाश वाच.’

पुढचा भाग विचृतौंवर लिहिते आहे.